बामाकोतली गिटारची शिकवणी

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत मी गेलो ते विजेच्या टॉवरसाठी, गिटारसाठी नाही. कोत दिव्वारहून, म्हणजे आयव्हरी कोस्टहून, मालीतल्या सिकासो, कुतियाला, सेगू या बाजूला वीज आणणारी २२५ केव्हीची लाइन भारताच्या कर्जावर उभी राहत होती आणि त्या कामावर गेलेल्या इंजिनियरांपैकी मी एक. दिवस साइटवर जायचे. मग हिशेब आणि मटेरियल मार्गी लावायला पावणेचारशे किलोमीटर गाडी हाकत राजधानी बामाकोला यायचं. तिथे कंपनीने भाड्याने घेतलेलं घर होतं आणि संध्याकाळी करायला काहीच नसायचं. कोल्हापुरातून मी माझी नायलॉनच्या तारांची गिटार बरोबर नेली होती. कॉलेजात असताना एका ऑर्केस्ट्रात वाजवायचो, त्यामुळे सिनेमातली गाणी, कॉर्ड, बॅरे हे सगळं हाताखालचं होतं.

तिथली गिटार पहिल्यांदा नीट ऐकली ती गाडीतल्या रेडिओवर. इलेक्ट्रिक गिटार होती, पण कॉर्ड असा एकही नाही. खाली एक छोटी सुरावट गोल गोल फिरतेय, आणि मधेच वरच्या पट्टीतून सुरांची एक सर खाली ओतली जातेय. त्यावर एका बाईचा खणखणीत आवाज. मी ड्रायव्हरला विचारलं, "हे गाणं कुणाचं?" मला गायिकेचं नाव हवं होतं. तो म्हणाला, "त्राओरेंचं." त्राओरे ही गायिका का, तर नाही. गाणारी बाई कुयाते. गाणं त्राओरे आडनावाच्या लोकांचं.

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. सुंजाता कैता याने सोसोचा राजा सुमांगुरू याला किरीनाच्या लढाईत हरवलं ते साधारण १२३५ साली, आणि तिथून माली साम्राज्य उभं राहिलं. आजचा माली, गिनी, गांबिया, सेनेगलचा दक्षिण भाग, कोत दिव्वारचा उत्तर भाग असा मोठा पट्टा मांदे लोकांचा. सुंजाताच्या पदरी बाला फासेके कुयाते नावाचा जेली होता. जेली म्हणजे वंशावळ सांगणारा, स्तुती गाणारा, तंटे मिटवणारा, वाद्य वाजवणारा, आणि हे सगळं जन्माने. फ्रेंचमध्ये यांना ग्रिओ म्हणतात. कुयाते, जाबाते, सिसोको, तुंकारा अशी यांची घराणी आजही तेच करतात. आमच्या गावाकडे हेळवी यायचे, वही उघडून आजोबांच्या आजोबांपर्यंतची नावं घडाघडा वाचायचे आणि धान्य घेऊन जायचे. त्यांच्या हातात वहीच्या जागी वाद्य द्या, त्यांना राजाच्या शेजारी बसायचा मान द्या, की जेलीचं चित्र बरंचसं डोळ्यांपुढे येईल.

तर मला हे शिकायचं होतं. ड्रायव्हर कोने आडनावाचा. त्याच्या ओळखीतले एक साठीचे गृहस्थ लग्नांत गिटार वाजवायचे, लाफियाबुगू भागात राहायचे. "रिकाम्या हाताने जायचं नाही," असं त्याने बजावलं आणि बाजारातून कोलाच्या बिया घेतल्या. कोला म्हणजे चेस्टनटएवढी, गुलाबी-पांढरी, कडू बी. मागणी घालायला, माफी मागायला, विद्या मागायला हीच द्यायची. फेब्रुवारी महिना होता, हरमातान या सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या धुळीने आकाश पिठासारखं झालेलं. अंगणात आंब्याचं झाड, त्याखाली प्लास्टिकच्या दोऱ्यांनी विणलेल्या लोखंडी खुर्च्या. मांदेत गुरूला करामोको म्हणतात, तेव्हा इथेही तेच म्हणतो.

करामोकोंनी मला गिटार वाजवून दाखव असं म्हटलंच नाही. वडिलांचं नाव काय, ते काय करायचे, आजोबा काय करायचे, तुमच्याकडे गाणारे लोक वेगळे असतात का? कोने मधे बसून माझ्या मोडक्या फ्रेंचचं बंबारा करत होता. आजोबा शेतकरी होते म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. मग माझी गिटार मांडीवर घेतली आणि खिशातून पेन्सिलीचा एक तुकडा आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली. पेन्सिल तारांवर आडवी ठेवली, ट्यूब मानेभोवती ताणून गुंडाळली, झाला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा. सगळ्यात जाड तार खुंटी फिरवून ई वरून एफ वर नेली. हे सगळं चाललेलं असताना त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

मग कायरा. ही सुरावट मांदे संगीतात सगळ्यांच्या ओळखीची. नावाचा अर्थ शांतता, सुख असा. १९४० च्या दशकात फ्रेंच अमलाविरुद्ध तरुणांची याच नावाची चळवळ होती, तिच्याशी ही सुरावट जोडली गेली. कोरा हे तारवाद्य वाजवणारे सिदिकी जाबाते यांच्या पिढीने ती गाजवली आणि पुढे त्यांचा मुलगा तुमानी जाबाते याने तिला जगभर नेलं. मला ती तीन-चार सेकंदांची दिसली. अंगठा खालच्या तारांवर, तर्जनी वरच्या, दोन मिनिटांत बसवली. वाजवून दाखवली. करामोको म्हणाले, "आयी." म्हणजे नाही.

सूर बरोबर होते. अडचण हाताची होती. मी ऑर्केस्ट्रात शिकलेल्या पद्धतीने अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका अशी चारही बोटं वापरत होतो. त्यांनी माझी खालची तीन बोटं धरली आणि गिटारच्या पोटावर दाबून ठेवली. वाजवायचं फक्त अंगठ्याने आणि तर्जनीने. मला वाटलं, ही नवशिक्यासाठीची शिस्त आहे, पुढे सैल होईल. सैल होत नाही. मांदे गिटारीतले मोठमोठे वादकही याच दोन बोटांवर सगळं राज्य चालवतात.

कारण विचारलं तेव्हा ते घरात गेले आणि न्गोनी घेऊन आले. लाकूड कोरून होडीसारखी केलेली, वर चामडं ताणलेलं, गोल काठीची मान, पडदे नाहीत, तारा चार. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर अशीच वाद्यं अमेरिकेत पोचली आणि बँजो तिथून निघाला. करामोकोंनी न्गोनीवर कायरा वाजवली, मग तीच गिटारीवर. हाताची हालचाल तसूभरही बदलली नाही. अंगठा खाली दाबतो, तर्जनी वर उचलते. कोराचं तसंच. त्याला एकवीस तारा, मोठ्या भोपळ्यावर चामडं. वादक दोन्ही हातांची खालची तीन बोटं भोपळ्यातून वर आलेल्या दोन दांड्यांभोवती आवळून धरतो आणि अंगठे-तर्जन्या तेवढ्या मोकळ्या ठेवतो. गिटार त्यांच्याकडे आली तेव्हा ती वाजवायची कशी हे शोधायची गरजच पडली नाही. हात तयार होता, वाद्य तेवढं बदललं.

माझा हात मात्र तयार नव्हता. साइटवरच्या कंटेनरमध्ये रात्री जनरेटरच्या आवाजात मी कायरा घोकायचो. अंगठ्याच्या बाजूला घट्टा पडला. बोटं मोकळी सोडली की मधलं बोट हळूच वर यायचं, म्हणून मी खालच्या तीन बोटांत रबराचा छोटा खोडरबर धरून वाजवू लागलो. करामोकोंना ते सांगितल्यावर ते पोट धरून हसले आणि शेजाऱ्याला बोलावून त्यालाही सांगितलं. पण बंद कर म्हणाले नाहीत.

एवढं झाल्यावर पुढची सुरावट मिळेल अशी माझी अपेक्षा. मिळाली नाही. त्यांचं म्हणणं, सुरावट म्हणजे वाट, तिच्यावरून चालता आलं पाहिजे. ते गायचे, बोलायचे, चहा प्यायचे, कुणी आलं तर त्याच्या घरच्या सगळ्यांची खुशाली विचारत बसायचे (हा विधी तिथे दोन-तीन मिनिटं सहज चालतो), आणि तेवढा वेळ मी कायरा फिरवत ठेवायची. थांबलो की मान वळायची. खाली फिरत राहणाऱ्या या आवर्तनाला कोरावादक कुंबेंगो म्हणतात आणि वरून कोसळणाऱ्या तानांना बिरिमिंतिंगो. जगभर टाळ्या मिळतात त्या बिरिमिंतिंगोला. मला तर तोच शिकायचा होता. करामोको मात्र कुंबेंगो ऐकून माणूस कुठल्या घरात शिकला ते ओळखायचे. एकाच कायराच्या कुंबेंगोत किता गावची वळणं वेगळी आणि गिनीकडची वेगळी. माझ्यात घराणं असं काही नव्हतंच, त्यामुळे ते मला त्यांच्या वडिलांचं देत होते.

खरी कसोटी लागली लांबानला. लांबान ही जेलींची स्वतःची सुरावट. राजासाठी नाही, योद्ध्यासाठी नाही, जेली एकमेकांत रमतात तेव्हाची. तिचं आवर्तन बारीक बारा ठोक्यांचं. मला ते तीन-तीनच्या चार गटांत ऐकू यायचं, दादऱ्याच्या अंगाने. हात बसला, वेग बसला. मग सहज खाली पाहिलं तर करामोकोंचा पाय भलत्याच ठिकाणी पडत होता. मी जिथे सम धरून बसलो होतो तिथे त्यांचा पाय हवेत. तबल्याच्या सवयीचा आपला कान आधी सम शोधतो आणि बाकी सगळं तिच्याभोवती लावतो. इथे अंगठ्याची ओळ एक गणित सांगते, तर्जनीची दुसरं, पाय तिसरं, आणि गाणारी बाई जिथून उठते ती जागा या तिन्हींत कुठेच नसते. मी विचारलं, पहिला ठोका कुठला? त्यांना प्रश्नच कळेना. कोनेने तीन तऱ्हांनी भाषांतर करून पाहिलं. शेवटी त्यांनी माझ्या गुडघ्यावर त्यांच्या पायाचा ठेका हाताने देत ठेवला आणि मला वाजवायला लावलं. गुडघ्यावर चार, हातात तीनची चाल. हात मोडायचा, पुन्हा सुरू. कितीतरी वेळ असं चाललं आणि मग एकाएकी तीच सुरावट वेगळीच वाजू लागली. सूर तेच, बोटं तीच, पण ओळ जिथे संपते असं इतके दिवस वाटत होतं तिथून ती सुरू होत होती. करामोको म्हणाले, "दोनी दोनी." हळूहळू.

तालाआधी बोलणं शिकवायला हवं होतं असं बहुधा त्यांना तेव्हा वाटलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी गिटार बाजूला ठेवायला लावून मला नामू म्हणायला बसवलं. जेली कथा सांगतो तेव्हा समोर एक माणूस प्रत्येक वाक्यानंतर "नामू" म्हणतो. हं, खरं, पुढे सांगा. मला बंबारा फारसं कळत नव्हतं, म्हणजे अर्थावरून नामू म्हणायची सोय नाही. श्वास कुठे संपतो तेवढंच ऐकायचं. लवकर म्हटलं तर वाक्य कापलं जायचं. उशीर झाला तर ते थांबून माझ्याकडे बघायचे. जमू लागलं तेव्हा लक्षात आलं की कुंबेंगो म्हणजे दुसरं काही नाही, हाताने म्हटलेला नामू आहे.

त्या वेळी सांगत होते ती कथा सुंजाताच्या महाकाव्यातलीच, दो देशच्या रानम्हशीची. गावं उद्ध्वस्त करणारी ती रानम्हैस (खरं तर रूप पालटलेली म्हातारी) मारायला त्राओरे कुळातले दोन भाऊ जातात. धाकटा तिला मारतो. थोरला त्या पराक्रमाची अशी स्तुती गातो की, तुला कोण नाही म्हणेल असं त्याला म्हटलं जातं आणि तो जाबाते कुळाचा मूळपुरुष ठरतो. काही जण सांगताना भावांची अदलाबदल करतात, करामोको थोरल्याला गायक करायचे. म्हणजे त्राओरे आणि जाबाते मुळात भाऊ, एक पराक्रम करणारा, दुसरा तो गाणारा. करामोको स्वतः जाबाते. कथा संपल्यावर त्यांनी मला आडनाव दिलं. परक्याला आडनाव दिल्याशिवाय तिथे त्याचं काही पानच हलत नाही, कारण आडनाव कळल्याशिवाय त्याच्याशी कसं वागायचं हेच कुणाला कळत नाही. मला वाटलं होतं शिष्य म्हणून जाबाते करतील. त्यांनी त्राओरे केलं.

कोनेला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कोने आणि जारा कुळांचं त्राओरेंशी थट्टेचं नातं आहे. सेनांकुया म्हणतात याला. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, रागवायचं नाही. आणि ठरलेली शिवी एकच, तू चवळी खातोस. त्या दिवसापासून तो मला साहेब म्हणायचा थांबला. चेकपोस्टवरचा शिपाई माझं नाव विचारून "त्राओरे? चवळीखाऊ!" म्हणून हसायचा आणि गाडी सोडायचा. मी शाकाहारी असल्याने डब्यात खरोखरच चवळी असायची, त्यामुळे प्रतिवाद करायला माझ्याकडे काही नव्हतं.

आता थोडं गिटार तिथे कशी पोचली याबद्दल. कारण बाहेरून येणारा प्रत्येक जण मालीच्या गिटारला अमेरिकेतल्या ब्लूज संगीताचं मूळ म्हणून गाठतो आणि मला त्याचा कंटाळा आला आहे. ज्यांच्यामुळे हे वाक्य पसरलं ते गिटारवादक अली फार्का तुरे उत्तरेकडचे, निआफुंकेचे. सोंघाई संगीत वाजवणारे, मांदे नव्हेत. १९५६ साली गिनीच्या कैता फोदेबा यांची गिटार ऐकून आपण हे वाद्य हाती घेतलं असं ते सांगायचे. म्हणजे उत्तरेतल्या या माणसाकडे गिटार गेली तीही मांदेमार्गे. मांदे गिटारीला स्वतःचे पूर्वज भरपूर आहेत. न्गोनी, कोरा आणि बाला म्हणजे बालाफोन, लाकडी पट्ट्यांखाली भोपळे बांधलेलं वाद्य. इब्न बतूता १३५२ साली मालीच्या दरबारात गेला तेव्हा राजाचा दुभाषी दुगा, खाली भोपळे बांधलेलं वाद्य वाजवत राजाची स्तुती गात होता, असं त्याने लिहून ठेवलं आहे. (हाच गृहस्थ त्याआधी आपल्या दौलताबादला येऊन गेला होता आणि तिथल्या गायकांच्या तरबाबाद नावाच्या बाजाराचं कौतुक करून गेला.) सुंजाताच्या काळातला मानला जाणारा सोसो बाला हा बालाफोन आजही गिनीतल्या नियागासोला गावी कुयाते घराण्याने जपून ठेवला आहे.

दुसरीकडून आला क्युबा. १९३० च्या दशकापासून जीव्ही मालिकेच्या तबकड्यांवरून क्युबाचं नाचाचं संगीत पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांतून आत शिरलं. मग स्वातंत्र्य. गिनी १९५८, माली १९६०. गिनीत राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांनी परदेशी चालीवर वाजवणारे बँड बंद केले, नव्या ऑर्केस्ट्रांना सरकारी वाद्यं आणि पगार दिले आणि आपल्या जुन्या सुरावटी वाजवा म्हणून फर्मान काढलं. १९६१ साली बेला गावात निघालेला बेंबेया जाझ हा बँड त्यातूनच मोठा झाला. त्यातले सेकू जाबाते जेली घराण्यातले. त्यांची गिटार ऐकताना मधेच बालाच्या लाकडी पट्ट्या वाजल्याचा भास होतो. मालीत रेल्वेने १९७० साली बामाको स्टेशनच्या हॉटेलात बँड बसवला. त्याच रेल बँडमधून सालिफ कैता, मोरी कांते गायला लागले आणि कितातल्या जेली घराण्यातले जेलिमादी तुंकारा तिथे गिटारीवर होते. करामोको तरुणपणी स्टेशनच्या कुंपणाबाहेर उभं राहून त्यांना ऐकायचे. तिकिटाला पैसे नसायचे.

बालाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याचं सप्तक सात जवळपास सारख्या पायऱ्यांत वाटलेलं असतं. सेंटमध्ये (सप्तकाचे १२०० सारखे भाग केले तर त्यातला एक) सांगायचं तर पायरी साधारण १७१ ची. गिटारच्या पडद्यांवर एक पायरी १०० ची नाहीतर २०० ची, मधलं काही नाही. म्हणजे बालाचे सूर गिटारीवर नेमके निघतच नाहीत. करामोको काही सूर तार किंचित खेचून वाजवायचे ते मला सुरुवातीला वयाने आलेला ढिलेपणा वाटला होता. तो बालाचा कान होता. उलट कोराच्या तारा सुरात लावायची सौता नावाची पद्धत ऐकली तेव्हा अगदी घरी आल्यासारखं झालं, कारण तिचा मध्यम तीव्र, बाकी सगळं शुद्ध. मी यमनची पकड गुणगुणलो. करामोकोंनी पुन्हा म्हणायला लावली, दोनदा ऐकली आणि विचारलं, "हे कुणाचं?" कुठल्या कुळाचं, कुठल्या राजाचं. मी सांगितलं, संध्याकाळचं आहे. त्यांना ते अजिबात पटलं नाही. गाणं एखाद्या वेळेचं असू शकतं, पण कुणाचंच नसलेलं गाणं गातं कोण आणि कशासाठी?

लग्नात बसायला मिळालं ते एका रविवारी. बामाकोत लग्नं रविवारी. रस्ता अडवून मांडव, खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांचं रिंगण, बायका एकाच छापाच्या कापडात. आदल्या संध्याकाळी कोनेने माझ्याकडून दहा हजार सेफाच्या नोटा घेऊन हजाराच्या सुट्या आणून दिल्या होत्या. कशाला, ते सांगितलं नव्हतं. करामोकोंच्या गिटारीची वायर एका जुन्या अँप्लिफायरला आणि माझीही त्यातच, आवाज माझा अर्धा. माझं काम कुंबेंगो, दुसरं काही नाही.

गाणारी बाई रिंगणात फिरत होती. ती समोरच्या माणसाचं आडनाव उच्चारते आणि त्याचे पूर्वज गायला लागते. करामोको तिच्या ओठांकडे बघत बसलेले. तिने कैता म्हणायला तोंड उघडलं की गिटार सुंजाताच्या सुरावटीवर. सेगूच्या जारा घराण्यातला कुणी दिसला की तुतू जारा. कुणी फ्रेंचांशी लढलेल्या सामोरी तुरेचं नाव काढलं की त्याच्या भावाचं केमे बुरेमा. एका सुरावटीतून दुसरीत जायला वेळ मिळतो तो तिच्या एका श्वासाएवढा. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघून मागे मागे धावत होतो. कॅपोची पेन्सिल सरकवायचीसुद्धा एक हातोटी असते. उजवा हात उघड्या तारा वाजवत राहतो आणि डाव्याने ट्यूब एका पडद्याने पुढे.

मधे एका शिंप्याला ती जवळजवळ दहा मिनिटं गात होती. साधा माणूस, झब्बा इस्त्रीचा पण जुना. पूर्वजांची नावं येत गेली तसा तो ताठ होत गेला. एकेक नोट काढून तिच्या हातात ठेवत राहिला आणि खिसा रिकामा झाल्यावर मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. करामोकोंनी त्या वेळी पहिल्यांदा तान सोडली, वरच्या टोकापासून खालपर्यंत, एकच. बाकी पूर्ण दुपार त्यांनी तानेला हात लावला नव्हता.

मग ती माझ्यासमोर आली. त्राओरे. तिरामाकान, सुंजाताचा सेनापती, पश्चिमेकडे गांबियापर्यंत गेलेला. त्याचं नाव, मग त्या दोन शिकारी भावांचं, मग भारत देशाचं आणि विजेच्या टॉवरचंही. सुट्या नोटा कशाला होत्या ते समजलं. वाजवणारे हात थांबवून पैसे काढू की वाजवत राहू, अशी पंचाईत. कोनेनेच माझ्या खिशात हात घालून तिला दिले. करामोको वाजवता वाजवता हसत होते. वाजवणारा त्राओरे हा तिथल्या लोकांना मजेचा प्रकार होता, पण गैर नव्हता. कोरा, बाला, न्गोनी ही जेलींची. गिटार परकी, ती कुणाचीच नव्हती, म्हणून कुणीही घेतली तरी चाललं. कैता फोदेबा राजकुळातल्या आडनावाचे, तरी गिटार वाजवली. मात्र सालिफ कैता गायला लागले तेव्हा सुंजाताच्या कुळातल्या माणसाने तोंडाने स्तुती गावी हे घरच्यांना सहन झालं नव्हतं.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला यात जात दिसली नाही तर तो आंधळाच म्हणायचा. लोहार, चर्मकार, जेली ही तिथली न्यामाकाला, म्हणजे जन्मावर ठरलेल्या कारागिरांची कुळं. लग्नं आपापसात. जेलीला लोक घाबरतात, मान देतात, घरातलं लग्न त्याच्याशिवाय ठरवत नाहीत, आणि मुलगी मात्र देत नाहीत. करामोकोंचा मुलगा बँकेत लागला होता आणि त्याला सोयरीक जुळवताना हेच आडवं येत होतं. ते मला त्यांनी सांगितलं नाही, कोनेने सांगितलं. त्या सुंदर सुरावटींना धरून ठेवणारी चौकट तीच आहे हे कळल्यावर मी पुढे थोडा कमी भारावून शिकलो. ते शिकण्याच्या दृष्टीने बरंच झालं.

काम संपलं आणि मी २०११ च्या अखेरीला परतलो. पुढच्या मार्चमध्ये तिथे लष्करी उठाव झाला. उत्तरेत हत्यारबंद टोळ्यांनी संगीतावर बंदी घातली, आणि २०१३ च्या जानेवारीत देशभर आणीबाणी लागल्यावर बामाकोतलेही जाहीर कार्यक्रम थांबले. करामोकोंचे रविवार रिकामे गेले. मग त्यांच्या मुलाने त्यांना व्हॉट्सॲप लावून दिलं आणि शिकवणी तिथे सुरू झाली. ते एक तुकडा वाजवून पाठवतात, मी वाजवून परत पाठवतो, उत्तर बहुधा "आयी."

सध्या दुगा चालू आहे. दुगा म्हणजे गिधाड. ही सुरावट रणांगणात नाव काढलेल्या माणसासाठी. पूर्वी ती ऐकून उठून नाचायचा हक्कही अशाच माणसाला असायचा. बामाकोत असताना त्यांनी ती मला शिकवली नाही, मी मागितली तरी. मध्यंतरी त्यांचा एक लांबलचक आवाजी संदेश आला. सुरुवातीला तिरामाकान, मग दोन भाऊ, मग माझ्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव, पहिल्या दिवशी विचारलेलं आणि जराही न चुकलेलं. शेवटी पावसाळ्यात घराचं छप्पर गळतंय हे. मी इकडे बसून पाच मिनिटं नामू म्हणत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले. त्राओरेने जे करायचं ते केलं. संध्याकाळी दुगाचा पुढचा तुकडा आला. त्यात अंगठा दोन ठोक्यांच्या मधे कुठेतरी पडतो, तो नेमका कुठे हे मला अजून लागलेलं नाही.